सामुदायिक रेडिओची संहिता : पूर्ण लिहायची की मुद्दे पुरेत?

कुर्ल्याची_सई
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका संस्थेतर्फे मी सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे एका छोट्या भागापुरत्या, तिथल्याच लोकांसाठीच्या एफएम केंद्रासाठी, कार्यक्रम करायला लागले आहे. केंद्र एका कॉलेजचं, आम्ही बाहेरचे स्वयंसेवक. माझ्या वाट्याला पावसाळी आजार आलेत आणि पहिला भाग लेप्टोचा आहे, १५ मिनिटांचा. मी विमा कंपनीत काम करते. आजवर पत्रं आणि अहवाल सोडून काही लिहिलेलं नाही.

केंद्रावरच्या ताई म्हणतात, पूर्ण संहिता लिहून आण, त्याशिवाय माइकसमोर बसायचं नाही. माझ्याबरोबरचा मुलगा म्हणतो, लिहिलंस की वाचल्यासारखं वाटणार, चार मुद्दे घे आणि बोलत सुट. तुमचं काय मत? सुरुवात खाली देते. बिनधास्त चिरफाड करा.

"लेप्टोस्पायरोसिस हा उंदीर व अन्य प्राण्यांच्या मूत्रातून पसरणारा जिवाणूजन्य आजार असून अतिवृष्टीच्या काळात साचलेल्या दूषित पाण्याशी संपर्क आल्यास त्याचा प्रादुर्भाव होण्याची दाट शक्यता असते. त्या अनुषंगाने नागरिकांनी खालीलप्रमाणे दक्षता घेणे आवश्यक आहे."

दादरचा_दांडपट्टा
वाचून झाल्यावर मी नकळत खाली 'आपला विश्वासू' शोधायला लागलो.

निशिगंध
दांडपट्टा, =))
सई, मनाला लावून घेऊ नकोस. मजकूर बरोबर आहे, फक्त तो भिंतीवर चिकटवायचा आहे, बोलायचा नाही.

जुनी_लहर
मी बरीच वर्षं आकाशवाणीवर हंगामी निवेदक होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत ताईंच्या बाजूने. नवशिक्याने पूर्ण लिहावं. 'वाचल्यासारखं' वाटतं ते लिहिल्यामुळे नाही, वाचण्यासाठी लिहिल्यामुळे.

आधी हिशोब. सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. तुझ्या १५ मिनिटांतून ओळखधून, दोन-तीन लोकांचे बाईट (त्यांच्या बोलण्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे), डॉक्टरांचं बोलणं आणि शेवटच्या सूचना वजा केल्या की तुझ्या तोंडी सहा-सात मिनिटं उरतात. म्हणजे सातशे-आठशे शब्द. एवढंच लिहायचं आहे, घाबरू नकोस.

लिहिताना ओठ हलले पाहिजेत. दम जिथे संपतो तिथे पूर्णविराम दे, मग व्याकरण काहीही म्हणो. तुझं पहिलं वाक्य एका दमात म्हणून बघ, 'प्रादुर्भाव'पर्यंत पोचताना चेहरा लाल होईल. 'असून', 'व', 'त्या अनुषंगाने' हे सगळं काढ. आणि 'खालीलप्रमाणे' तर नकोच, रेडिओला खाली काही नसतं.

आकडे अक्षरात लिही, नाहीतर ऐन वेळी शून्यं मोजत बसशील. ऐकणाऱ्याला एका वाक्यात एकच आकडा झेपतो. दवाखान्याची वेळ किंवा फोन नंबर सांगायचा असेल तर आधी 'लिहून घ्या' म्हण, थोडी थांब, मग दोनदा सांग.

पानांचंही सांगते. एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात. डावीकडे कोण बोलतंय किंवा कोणता ध्वनी आहे ते, उजवीकडे मजकूर. वाक्य पानावरून पुढच्या पानावर तोडायचं नाही. स्टेपल मारायचं नाही. पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. कागदाची सळसळ माइक असा पकडतो की काय सांगू.

तंत्रमुग्ध
कागद कशाला, आता सगळे टॅबवर वाचतात. फक्त नोटिफिकेशन बंद करा. आमच्याकडे एकदा ग्रामगीतेवरच्या गंभीर निवेदनात 'तुमची ऑर्डर पोहोचली आहे' वाजलं होतं.

गोवंडी_एक्सप्रेस
जुनी_लहर ताईंचा अनुभव मोठा आहे, पण मी दुसऱ्या बाजूने बोलणार. आम्ही गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमधल्या मुलामुलींबरोबर कार्यक्रम करतो. नळावर तासभर रंगवून बोलणारी बाई, हातात कागद दिला की शाळेतल्या बाईंसारखी बोलायला लागते. 'आमच्या वस्तीत स्वच्छतेचा अभाव आहे.' अहो, काल हीच बाई या विषयावर असं काही बोलली होती की आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो!

आमचा क्रम उलटा आहे. आधी रेकॉर्डर घेऊन गल्लीत जायचं, संहिता नंतर. पहिली दहा मिनिटं लोक भाषण करतात. ती जाऊ द्यायची. मग 'रात्री पाणी भरलं तेव्हा आधी काय उचललंत?' असलं काहीतरी विचारायचं. मत नाही विचारायचं, काय घडलं ते विचारायचं. गेल्या पावसाळ्यात एक मावशी हंडा घासता घासता म्हणाल्या, "पाणी उतरलं ना, की माणसाच्या आधी उंदीर घरात येतात." मागे हंड्यावर राख घासल्याचा आवाज. सई, तुझे दोन परिच्छेद या एका वाक्यात बसले की नाही?

घरी येऊन सगळं ऐकायचं, हवे ते तुकडे मिनिट-सेकंदासकट टिपायचे, क्रम लावायचा. मग मधल्या जागा भरण्यापुरतं लिहायचं. तेवढीच संहिता.

जुनी_लहर
गोवंडी, मग आपलं भांडण नाहीच. पण 'मधल्या जागा भरण्यापुरतं' हे तुम्ही फार सहज म्हणालात. या जोडण्या लिहिणं सगळ्यात अवघड. निम्मे नवशिके लिहितात, "पाणी ओसरल्यावर घरात उंदीर येतात असे स्थानिक महिलेचे म्हणणे आहे, ऐकूया त्यांच्याच शब्दांत." मग मावशी तेच बोलतात. त्यांच्या वाक्याचा जीव तुम्ही आधीच घेतलात की! जोडणीने बाईटच्या दारापर्यंत न्यायचं, आत शिरायचं नाही. "ठक्कर बाप्पा कॉलनीजवळची एक गल्ली. रात्री कमरेएवढं पाणी होतं. सकाळी आठला गल्ली कोरडी." बस. आता मावशी.

फायलीतला_माणूस
थोडे नियम, कारण ते संहितेच्या आड येतात.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. त्यानंतर काही वर्षांनी आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना परवाने खुले झाले. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, आणि शक्यतो स्थानिक भाषेत-बोलीत, असं धोरणातच आहे. प्रक्षेपणाची ताकद १०० वॉट. प्रसारित केलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं.

आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. राजकीय मजकूर चालत नाही. आकाशवाणीच्या बातम्या घेता येतात, पण जशाच्या तशा किंवा अर्थ न बदलता स्थानिक भाषेत. त्यामुळे सई, लेप्टोवर बोलताना गाडी नालेसफाईवर जाणार, तिथून कंत्राटदारावर, तिथून नगरसेवकावर. केंद्राची तिथे कात्री चालणार हे धरून चाल.

दादरचा_दांडपट्टा
म्हणजे उंदराचं नाव घ्यायचं, पण बीळ कुणी ठेवलं ते नाही.

गोवंडी_एक्सप्रेस
दांडपट्टा, अगदीच तसं नाही. 'आमच्या दारातला नाला मे महिन्यात उपसला, गाळ काठावरच ठेवला, पहिल्या पावसात परत आत' हे रहिवासी स्वतःच्या दाराबद्दल सांगतो, तेव्हा तो त्याचा अनुभव असतो. अमक्याने पैसे खाल्ले म्हटलं की गेलं. खरं सांगायचं तर पहिलं ऐकल्यावर दुसरं सांगायची गरज राहत नाही. पण काही केंद्रं पहिल्यालाही घाबरतात, हे मान्य.

गिरगावकर_आजोबा
आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरची 'पुन्हा प्रपंच' ही घरगुती श्रुतिका कुणाला आठवते का? बाळ कुडतरकरांचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. आमच्या चाळीत त्या वेळी जिन्यात कुणी बोललं तर आतून दटावणी यायची. एकाच घरात एकाच वेळी चार खोल्यांतून तोच आवाज.

निशिगंध
आजोबा, विषय लेप्टोचा चालू आहे हो. :)

गिरगावकर_आजोबा
विषयावरच आहे मी. त्यांचे विषय काय असायचे? महागाई, रेशन, साठेबाजी, लसीकरण. सगळं सरकारीच! पण ते स्वयंपाकघरात यायचं. टेकाडे भावजी चुकीचं काहीतरी ठासून बोलायचे, वहिनी टोकायच्या, त्यात माहिती येऊन जायची. आणि तिघांपैकी कोण बोलतंय ते नाव न घेता कळायचं, नुसत्या बोलायच्या ढबीवरून. सईबाईंनी दोन पात्रं घ्यावीत, एक त्यांच्यासारखं शिकलेलं आणि एक हट्टी.

मंद्रसप्तक
आजोबा, कल्पना छान, पण आता असे संवाद लिहिले की 'अगं सुनंदा, तुला माहीत आहे का, लेप्टो कशामुळे होतो?' 'नाही रे सुरेश, सांग ना!' इथे गाडी येते. कुठल्या घरात नवरा-बायको असं बोलतात? ज्याला लिहिता येतं त्याने लिहावं. नवख्याने खऱ्या माणसांचं ऐकवावं.

वेसाव्याची_पारू
माझा मुद्दा वेगळा आहे. मी वर्सोव्याची, कोळीण. आमच्याकडल्या बायकांनी मासेमारी बंदीवर एक कार्यक्रम केला होता. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर, त्या दोन महिन्यांत घर कसं चालतं, सुकं किती पुरतं, जाळी कधी शिवतात. सगळं आमच्या बोलीत. ज्या केंद्राला दिला त्यांनी निरोप धाडला, विषय उत्तम, भाषा तेवढी शुद्ध करून आणा. 'मना' म्हणाली तिथे 'मला' करा. परत रेकॉर्ड केला. म्हातारी जी पहिल्या वेळी जाळं शिवता शिवता गात होती, ती दुसऱ्या वेळी हात मांडीवर ठेवून बसली. गाणं सुचेचना तिला.

फायलीतला_माणूस
पारूताई, बोलीत करा असं धोरणच सांगतं. पुढच्या वेळी ते कलम छापून न्या.

सातारी_ठेचा
अगदी. आमच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ वर, २००८ पासून. माण तालुक्यातली बाई माणदेशीतच बोलते तिथे, म्हणून तर आमची आई कान देऊन ऐकते. पस्तापूरच्या दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओही २००८ चाच, तिकडे तेलंगणात. त्यांनीही भाषा 'सुधारली' नाही, बाजरी-ज्वारीबद्दल त्या घरी बोलतात तशाच माइकवर बोलतात.

मंद्रसप्तक
गावाला हे ठीक आहे. कुर्ल्यात सईच्या एका गल्लीत मालवणी, देशावरचं मराठी, भोजपुरी, तेलुगू आणि दखनी एकत्र नांदतात. ती नेमकी कुणाच्या बोलीत लिहिणार?

वेसाव्याची_पारू
तिने तिच्याच बोलीत लिहावं. विम्याच्या पत्राच्या बोलीत तेवढं नको. बाकीच्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावं, कुर्ल्याच्या माणसाला सगळं कळतं.

एक_शंका
मुळात हे ऐकतं कोण? १०० वॉट म्हणजे काय, अँटेनाला जमिनीपासून ३० मीटरची मर्यादा. मुंबईत दहा मजली इमारत तेवढी होते, बाजूला चाळीस मजल्यांचे टॉवर. विद्यापीठाचं कलिन्याचं केंद्र आहे १०७.८ वर, माझ्या घरी नुसती खरखर. आणि नव्या फोनमध्ये एफएम असतंच असं नाही.

गोवंडी_एक्सप्रेस
रिक्षावाले, वॉचमन, शिवणकामाचे कारखाने, जरीकाम करणारे. ज्यांचे हात आणि डोळे कामात आहेत ते सगळे. शिवाय कार्यक्रमाचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे आम्ही महिला मंडळांच्या ग्रुपवर टाकतो. संहितेच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निघते : श्रोता मध्येच येतो, मध्येच उठतो. म्हणून दर तीन-चार मिनिटांनी विषय पुन्हा कानावर पडला पाहिजे, पण 'आपण ऐकत आहात' असा शिक्का न मारता.

ध्वनिवेडा
संहितेत नुसतं '(पावसाचा आवाज)' लिहू नका ही हात जोडून विनंती. पत्र्यावरचा, ताडपत्रीवरचा की रिक्षाच्या टपावरचा? पत्र्याखाली माणसाला ओरडून बोलावं लागतं, त्याने अख्खा प्रसंग बदलतो. आणि इंटरनेटवरचा पाऊस घेऊ नका, त्यात भलत्याच देशातले पक्षी असतात. खिडकीतून हात बाहेर काढा, मुंबईत पावसाला काय तोटा?

सिनेमाची गाणी वापरायच्या भानगडीत पडू नका, हक्कांचे पैसे भरावे लागतात. गल्लीतलं भजनी मंडळ गाठा. रीतसर परवानगी घ्या, नाव घ्या, मंडळी खूश.

मंद्रसप्तक
बरं, सईच्या परिच्छेदाकडे कुणी वळणार आहे का? माझा प्रयत्न :

"काल पाण्यातून चालत घरी आलात? मग जरा खाली बसा आणि पाय बघा. टाचेला भेग, बोटांत चिखल्या, चप्पल चावलेली जागा. काहीही. त्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असतं, आणि लेप्टोच्या जंतूला आत शिरायला एवढीशी जखम पुरते."

दादरचा_दांडपट्टा
मी हे लोकलमध्ये ऐकतोय. खाली बसायला जागा असती तर आणखी काय हवं होतं?

जुनी_लहर
चिखल्या आणि चावलेली चप्पल फार छान, ते ठेव सई. पण प्रश्नाने सुरुवात मला नको वाटते. हल्ली प्रत्येक एफएमवाला श्रोत्याला सकाळी सकाळी प्रश्नच विचारत असतो. मी गोवंडींच्या मावशींपासून सुरू केलं असतं :

(पत्र्यावर पाऊस, हळूहळू थांबतो. हंडा घासल्याचा आवाज.)
मावशी : पाणी उतरलं ना, की माणसाच्या आधी उंदीर घरात येतात.
निवेदक : आणि जाताना जे ठेवून जातात, ते दिसत नाही. ते पाण्यात असतं, ओल्या लादीवर असतं. तुमच्या टाचेच्या भेगेतून ते आत जातं.

'लेप्टो' हे नाव याच्यानंतर. आधी धोका दिसू दे, मग त्याचं नाव सांग. 'स्पायरोसिस' एकदाच, तेही डॉक्टरांच्या तोंडी.

गोळीवाला
डॉक्टर आहे म्हणून मध्ये पडतो. दोन्ही नवे मसुदे चांगले, पण दोन्हींत फक्त उंदीर आहे, सईचे 'अन्य प्राणी' गळले. कुत्रे, गुरं यांच्या मूत्रातूनही लेप्टो पसरतो. गोठे असलेल्या भागात हे सांगितलंच पाहिजे. लक्षणांत ताप आणि अंगदुखीबरोबर पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं घ्या, कारण 'ताप आला' यावर मुंबईत कुणी दवाखान्यात जात नाही, गोळी घेऊन कामावर जातो. आणि ताप लगेच येत नाही, बऱ्याचदा आठवडा-दोन आठवड्यांनी येतो. तोपर्यंत माणूस ते पाणी विसरलेला असतो. म्हणून 'मी पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना सांगा' हे वाक्य हवंच.

पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, असा सल्ला पालिका देत असते. प्रतिबंधक गोळ्या असतात. पण कृपा करून गोळीचं नाव रेडिओवर घेऊ नका. गरोदर बायका आणि लहान मुलांना वेगळं औषध लागतं. नाव सांगितलंत की लोक थेट मेडिकलमध्ये जातील.

निशिगंध
नाव न सांगता 'गोळ्या असतात' म्हटलं तरी लोक जाणारच, डॉक्टर.

गोळीवाला
मग 'पालिकेच्या दवाखान्यात' एवढं जोडा. तिथे तपासणाऱ्याच्या हातून जातील.

कुर्ल्याची_सई
बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल रेकॉर्डर घेऊन आमच्याच मागच्या गल्लीत गेले. गोवंडी म्हणतात तसं, सुरुवातीला सगळ्यांनी भाषण केलं. मग एक रिक्षावाले काका म्हणाले, "रिक्षा बंद पडली की ढकलायला उतरावंच लागतं, पायात चप्पल राहत नाही, वाहून जाते." यावरून सुरुवात करते आहे :

काका : ...पायात चप्पल राहत नाही, वाहून जाते.
निवेदक : सव्वीस जुलैपासून आजपर्यंत या शहराने किती चपला वाहून नेल्या असतील. घरी येऊन आपण पाय धुतो, पण पाय बघत नाही. टाचेची भेग, बोटांतल्या चिखल्या, काचेचा ओरखडा...

पुढे गोठ्याचं आणि डॉक्टरांचं. पूर्ण लिहिते आहे, पण बाईट ऐकून झाल्यावर. शेवट सुचत नाहीये. 'काळजी घ्या, सुरक्षित राहा' लिहून खोडलं.

जुनी_लहर
सुरुवात सुरेख. फक्त 'सव्वीस जुलै'पुढे दोन हजार पाच म्हण, तुझ्याबरोबरच्या मुलाच्या वयाचे श्रोतेही असतील. शेवटाला कशाला सजवतेस? दवाखाना कुठे, किती वाजता, कोणत्या दिवशी बंद. दोनदा सांग आणि थांब.

गोळीवाला
वेळ स्वतः जाऊन विचारून घ्या. बाहेरच्या पाटीवर विसंबू नका.

कुर्ल्याची_सई
हो, शनिवारी अर्धी सुट्टी आहे तेव्हा जाते. पुढचा भाग डेंग्यूचा आहे. कुणाच्या ओळखीत बोलतं माणूस असेल तर सांगा.

निशिगंध
माझे सासरे घे. कुर्ल्यातच, नेहरूनगरला. गच्चीवरच्या पिंपाला झाकण का लावायचं नाही यावर ते अर्धा तास बोलतात, मुद्द्यांचीसुद्धा गरज पडत नाही.